आयलाऊ: बर्फ आणि सादळलेली दारू

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आयलाऊचा निकाल का लागला नाही?’ उत्तर देणार आहे, काळजी नसावी. पण त्याआधी एका घोडेस्वाराचा हिशोब चुकता करायचा आहे. नेपोलियनच्या लढाया वाचणाऱ्यांना आयलाऊ म्हटलं की एकच दृश्य आठवतं: पिसांचे तुरे, भरजरी पोशाख मिरवणारा नेपोलियनचा घोडदळप्रमुख म्युरा आणि त्याच्यामागे दहा हजारांवर घोडी. शतकातला सर्वांत मोठा घोडदळाचा हल्ला वगैरे. माझं म्हणणं असं की त्या हल्ल्याचं निम्मं श्रेय बर्फाचं आहे, आणि ते त्याला कोणी देत नाही.

तारीख 8 फेब्रुवारी 1807, जागा पूर्व प्रशिया. आज ते गाव रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे, नाव बाग्रातिओनोव्स्क. सकाळी नेपोलियनच्या हाताशी साधारण 45 हजार माणसं आणि 200 तोफा. समोर रशियन सेनापती बेनिगसेनचे 65 हजारांहून जास्त रशियन आणि 400हून अधिक तोफा. आदल्या संध्याकाळी गावात आणि चर्चलगतच्या कबरस्तानात हातघाई झालेली. रात्र बहुतेकांनी उपाशीपोटी उघड्यावर काढलेली. आता या माणसांच्या हातातली बंदूक बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

फ्रेंचांची बंदूक 1777च्या नमुन्याची, सुधारलेली. नळीचा व्यास 17.5 मिलिमीटर, वजन साडेचार किलोच्या आसपास. रशियनांकडेही चकमकीच्याच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुका. भरायची कशी? कवायतीत बारा हुकूम होते. घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा बंदुकीचा खटका, अर्धा चढवायचा. कागदी काडतूस दाताने फाडायचं. त्यातली चिमूटभर बंदुकीची दारू कानाजवळच्या, म्हणजे नळीत आग शिरायच्या भोकाजवळच्या वाटीत टाकायची, ही रंजक. किल्ल्यावर पडलेल्या तोफेच्या कानात बोट घालून आपण सगळ्यांनी पाहिलंय, बंदुकीचा कान तोच, फक्त सुईएवढा. मग वाटीवर पोलादी झाकण पाडायचं, बंदूक उभी करायची, उरलेली दारू नळीत, मागोमाग गोळी आणि कागद, वरून गजाने ठासायचं. घोडा पूर्ण चढवायचा, नेम, चाप. गारगोटी त्या पोलादावर आपटते, झाकण उघडतं, ठिणगी रंजकीत पडते. तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो, आणि चांगल्या हवेतही काही बार फुसके जातातच.

आता यात बर्फ घाला. रंजक टाकताना वाटी उघडी असते. तेवढ्यात वारा दारू उडवतो किंवा हिमकण आत पडतात. गारगोटी ओली, पोलाद ओलं, ठिणगी पडत नाही. पहिल्या काही बारांनंतर वाटीत आणि कानात जी काजळी साठते ती हवेतलं पाणी ओढते आणि तिचा चिखल होतो. तो सुईने टोकरून काढायचा, तर बोटं गारठलेली. रंजक पेटलीच, तर पुष्कळदा आग कानातून आत जात नाही. दिवाळीत सादळलेला फटाका पाहिला असेल, तेच. फरक इतकाच की इथे समोरचा माणूस संगीन घेऊन येत असतो. (हसलात, बरं वाटलं. अजून बरंच ऐकायचंय.)

तोफेचं मात्र तसं नाही. तोफेच्या कानात दारू भरलेली नळी खोचतात आणि जळती बत्ती टेकवतात. बत्ती हिमवर्षावातही जळते, आणि कान झाकून ठेवता येतो. म्हणजे वादळात बंदूक मुकी आणि तोफ बोलती. हे सूत्र हाती धरलं की त्या सकाळचा उलगडा होतो.

दहाच्या सुमारास फ्रेंच मार्शल ओझ्रोची पलटणं पुढे निघाली. ओझ्रो स्वतः तापाने फणफणलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. त्याच वेळी हिमवादळ आलं, आणि वारा फ्रेंचांच्या तोंडावर. रांगा डावीकडे भरकटल्या आणि रशियनांच्या मधल्या सत्तर तोफांच्या तोंडी गेल्या. तोफांतून छर्ऱ्यांचे डबे सुटले. उत्तर द्यायला बंदुका उडेनात. ओझ्रोची कोअर, म्हणजे त्याच्या हाताखालची अख्खी फौज, तासाभरात संपली. लढाईनंतर तिचा अवशेषही मोडून दुसऱ्यांत वाटून टाकला. फ्रेंच पायदळाची 14वी लाइन रेजिमेंट एका टेकाडावर वेढली गेली आणि तिथेच कापली गेली.

मध्यभागी भगदाड. साडेअकराच्या आसपास म्युरा निघाला: सुमारे 80 स्क्वाड्रन, म्हणजे घोडदळाच्या तुकड्या. पायाखाली बर्फ, त्यामुळे चित्रातली भरधाव दौड फारशी नव्हतीच. तरी ते रशियन पायदळाच्या रांगा फोडून पलीकडे गेले. एरवी कोरड्या हवेत, सरळ रांगेत उभ्या पायदळावर समोरून असं जाणं म्हणजे घोड्यांचा खाटीकखाना! इथे ते निभावलं, कारण समोरच्या कित्येक बंदुका उडत नव्हत्या. सगळ्याच नाही, फ्रेंच जनरल दॉपूल इथेच प्राणघातक जखमी झाला. म्युराचा पराक्रम खोटा असं मी म्हणत नाही, पण सहा वर्षांनी, 27 ऑगस्ट 1813ला ड्रेस्डेनला काय झालं? मुसळधार पाऊस, ऑस्ट्रियन बंदुका भिजलेल्या, आणि समोर पुन्हा हाच म्युरा. हजारोंनी शरण आले. दोनदा तोच योगायोग?

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. तर निकाल. एक: फ्रेंच मार्शल बर्नादोतला पाठवलेला हुकूम कोसॅकांनी, म्हणजे रशियनांच्या हलक्या घोडेस्वारांनी पकडला, त्यामुळे बेनिगसेनला नेपोलियनचा सापळा कळला आणि बर्नादोत लढाईत पोचलाच नाही. दोन: दुसरा फ्रेंच मार्शल दाव्हू याने रशियनांची डावी बगल दुपारपर्यंत मुडपत आणली होती, पण रशियनांच्या घोडतोफखान्याच्या 36 तोफा आडव्या आल्या आणि मग रशियनांच्या मदतीला जनरल लेस्टॉकचे प्रशियन पोचले. लेस्टॉकच्या पाठीवर फ्रेंच मार्शल नेय होता. नेयला अडवायला थोडी माणसं मागे ठेवून लेस्टॉक निसटला. तीन: नेयला बोलावणं उशिरा गेलं, तो पोचला तेव्हा रात्र पडली होती. पाचच्या सुमारास अंधार होतो तिथे. दोन्ही फौजा गलितगात्र, दारूगोळा संपत आलेला.

रात्री बेनिगसेन कोनिग्सबर्गकडे सरकला, म्हणून मैदान नेपोलियनचं. त्याच्या जाहीरनाम्यात फ्रेंच मृत 1,900, जखमी 5,700. इतिहासकार फ्रेंचांची एकूण हानी 15 ते 25 हजार धरतात, रशियनांची 25 हजारांच्या आसपास. पाठलाग करायची ताकद नव्हती, आठवड्याभराने फ्रेंच पासार्ग नदीमागे हटले. निकाल लागला 14 जूनला फ्रीडलँडला, जिथे बेनिगसेनने आल्ले नदी पाठीशी घेऊन लढायचा वेडेपणा केला. तो विषय मोठा आहे. प्रश्न चहाच्या वेळी.