छतात वळलेलं, हवेत वळलेलं

(दृश्य: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई. सकाळची गर्दी. कॅमेरा तिकीट खिडक्यांवरून हळूहळू वर सरकतो.)

रांगेत उभं असताना वर कोण बघतं? डोळे खिडकीकडे, कान लोकलच्या घोषणेकडे. पण १८८८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या जुन्या तिकीटघरात एकदा मान वर करून बघा. खांबांतून कमानी निघतात, वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि छत तोलून धरतात. असल्या कमानदार छताला इंग्रजीत म्हणतात 'व्हॉल्ट'.

(दृश्य: रिओ, ऑगस्ट २०१६. जिम्नॅस्टिक्सची अंतिम फेरी.)

आता हे बघा. आगरतळ्याची दीपा कर्माकर. धावायला जास्तीत जास्त २५ मीटर. स्प्रिंगबोर्डवर पाय आपटले, १२५ सेंटिमीटर उंच टेबलावर दोन्ही हात टेकले न टेकले, की शरीर हवेत. तिथे पुढच्या बाजूने दोन कोलांट्या, आणि मग पाय जमिनीवर. हा 'प्रोदुनोव्हा'. मान मोडण्याची भीती असल्यामुळे भलेभले याच्या वाटेला जात नाहीत. दीपाला १५.०६६ गुण मिळाले, ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. या क्रीडाप्रकाराचं नाव? व्हॉल्ट.

छत जागचं हलत नाही आणि उडी जागेवर थांबत नाही. मग दोघांना एकच शब्द कसा?

(दृश्य: दगडी कमान बांधणारे हात. खाली लाकडी सेंटरिंग.)

त्यासाठी लॅटिनमध्ये जावं लागतं. तिथे 'व्होल्व्हेरे' असं क्रियापद आहे. अर्थ फिरणे, गुंडाळणे, वळणे. त्यावरून वळवलेल्या, गोलाई दिलेल्या छताला नाव पडलं. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं तेव्हा त्यात 'ल' नव्हता. 'वाउट' असं काहीसं लिहीत. पुढे पंडितांना लॅटिन मूळ आठवलं आणि त्यांनी 'ल' परत आणून बसवला. फ्रेंच लोक अजूनही 'वूत'च म्हणतात, त्यांचं काही अडलेलं नाही.

छताला वळवायचं कारण साधं आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांबरुंद सपाट छत दगडाचं केलं तर ते मधोमध तडकतं. पाचरीसारखे दगड कमानीत बसवले की ते एकमेकांना दाबून धरतात. शेवटचा दगड माथ्यावर बसेपर्यंत सगळा भार सेंटरिंगवर. तो बसला की सेंटरिंग काढून घ्यायचं. मात्र कमान भिंतींना बाहेर ढकलत राहते, आणि त्यात हिशेब चुकला की संपलं. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथीड्रलचं छत सुमारे ४८ मीटर उंच नेलं होतं. १२८४ साली त्याचा काही भाग कोसळला.

उडीचा 'व्हॉल्ट' इंग्रजीत सोळाव्या शतकात आला, तोही फ्रेंचमधूनच. त्याच्यामागे इटालियन 'व्होल्तारे', म्हणजे वळणे. हात टेकून किंवा काठीचा आधार घेऊन अंग वळवत मारलेली उडी, ती व्हॉल्ट. म्हणून बांबू उडीलाही इंग्रजीत हाच शब्द. थोडक्यात, दोन भावंडं एका घरातून निघाली, वेगवेगळ्या वाटांनी गेली आणि परदेशात एकाच नावाने राहू लागली.

शेक्सपिअरने 'मॅक्बेथ'मध्ये दोघांनाही कामाला लावलंय. एकीकडे उडी मारून पलीकडे कोसळणारी महत्त्वाकांक्षा, दुसरीकडे दारू संपून नुसता गाळ उरलेलं तळघर.

(दृश्य: तळघर. पिंपं. मग बँकेचा जाड पोलादी दरवाजा.)

तळघर कुठून आलं? जुन्या इमारतींत जमिनीखालच्या खोल्यांची छतं कमानदार असत. तिथे दारू ठेवत, शवपेट्या ठेवत, सोनंनाणं ठेवत. हळूहळू छताचं नाव खोलीला लागलं, खोलीचं तिजोरीला. आज बँकेच्या व्हॉल्टचं छत पाट्यासारखं सपाट असतं. आकार गेला, नाव राहिलं. उत्तर ध्रुवापासून सुमारे १३०० किलोमीटरवर, स्वालबार्डच्या डोंगरात २००८ पासून जगभरची बियाणी साठवताहेत, तोही व्हॉल्ट. आणि मोबाइलमधल्या पासवर्डच्या व्हॉल्टला तर ना छत, ना भिंत.

(दृश्य: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. एक बस वळण घेते.)

या घराण्यातलं आणखी एक नाव आपण रोज घेतो. व्होल्वो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी फिरतो'. कंपनीने हे नाव आधी बेअरिंगसाठी नोंदवलं होतं, गाडी नंतर आली. रिव्हॉल्व्हरही याच कुळातलं. आणि ग्रंथाच्या खंडाला इंग्रजीत 'व्हॉल्यूम' म्हणतात, तोही. कारण ग्रंथ तेव्हा गुंडाळीच्या रूपात असत.

संस्कृतातला 'वल्' धातूही अनेक कोशकार याच कुळात घालतात. त्याच्यापासून 'वलय', आणि आपलं 'वळणे'. रस्ता वळतो, गुराखी गुरं वळतो, आजी वाती वळते.

(दृश्य: स्वयंपाकघर. परातीत पाकातला रवा, वर बेदाणे. एक मुलगी आणि तिची आई.)

मुलगी मूठभर रवा घेते, तळहातावर दाबते, बोटांनी गोल फिरवते. पहिला लाडू एका बाजूने चपटा होतो. ती तो हातात धरून बघत बसते.

"अगं, हात चालव," आई म्हणते. "पाक सुकला की वळायचे नाहीत."