बीव्हरचं धरण आणि माणसाचा पाइप

श्रोतेहो, नमस्कार.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ खाडीच्या काठी मार्टिनेझ नावाचं एक छोटं शहर आहे. बे एरियातल्या आपल्या अनेक मराठी श्रोत्यांना ते तासाभराच्या अंतरावर असेल. या शहराच्या बाजारपेठेतून अल्हाम्ब्रा नावाचा ओढा वाहतो. २००७ साली या ओढ्यात बीव्हरच्या एका जोडीनं काड्या आणि चिखल रचून धरण बांधलं, तिथंच घर केलं, आणि त्यांना पिल्लंही झाली. भर बाजारात हे कुटुंब पोहताना दिसायचं आणि येणारी-जाणारी माणसं बघायला थांबायची.

बीव्हर आपल्या देशात नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. उंदीर-खारींच्या गणातला, वीस-पंचवीस किलोंचा, चपट्या शेपटीचा हा प्राणी. तो पूर्ण शाकाहारी आहे, मासे खात नाही. झाडाची साल, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती हे त्याचं खाणं. जमिनीवर तो मंद असतो आणि अस्वल किंवा कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्याच्या तावडीत सहज सापडतो. म्हणून त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं. हे दार पाण्याखालीच राहावं, एवढ्यासाठी तो धरण बांधतो आणि पाण्याची पातळी वर ठेवतो.

मार्टिनेझच्या नगरपालिकेला नेमकी याचीच धास्ती वाटली. या ओढ्याचं पाणी पूर्वी बाजारात शिरलेलं होतं आणि तिथला हिवाळी पाऊस तोंडावर आला होता. धरणामुळे पाणी तुंबलं आणि दुकानांत घुसलं, तर काय करायचं? ही भीती खरी होती. दुकानदाराच्या काळजीला प्राणिद्वेष म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पण त्या भीतीवर शोधलेला उपाय होता बीव्हरना मारून टाकण्याचा.

नोव्हेंबर २००७ मध्ये यावर जाहीर सभा झाली. लोकांनी सभागृह भरून गेलं आणि एकामागून एक नागरिक बीव्हरच्या बाजूनं बोलले. हायडी पेरीमन यांनी या कामात पुढाकार घेतला. त्या बालमानसतज्ज्ञ आहेत, वन्यजीवशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हे. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वर्थ अ डॅम’ नावाची संस्थाच उभी केली. पण त्या वेळी सगळी चर्चा एका मुद्द्यावर येऊन ठेपली होती : बीव्हरना राहू देऊन पाणी मात्र खाली ठेवता येईल का?

ते जमवणारा माणूस व्हरमाँट राज्यातला, स्किप लाइल. १९९० च्या दशकात मेन राज्यात पेनॉब्स्कॉट या आदिवासी समाजाच्या जमिनीवर ते काम करत होते. तिथल्या रस्त्यांखालच्या मोऱ्या बीव्हर बुजवून टाकायचे. बुजवलेली मोरी उकरायची आणि बीव्हर मारायचे, ही तिथल्या भागातली नेहमीची रीत. लाइल यांनी दुसरा रस्ता धरला. मोरीच्या तोंडापुढं त्यांनी जाळीचं असं कुंपण घातलं, की बीव्हरला मोरीपर्यंत पोचताच येऊ नये आणि कुंपणालाच धरण घालायचं म्हटलं तरी ते जिकिरीचं व्हावं.

यामागची गोष्ट मला फार सुंदर वाटते. बीव्हर कान देऊन धरण बांधतो. लार्स विल्सन या स्वीडिश संशोधकानं वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज बीव्हरना ऐकवला. पाणी फुटत नव्हतं, तरी त्यांनी त्या आवाजाच्या दिशेनं काड्या आणि चिखल रचायला सुरुवात केली. म्हणूनच धरणाला नुसतं भोक पाडून काही साधत नाही. खळखळ ऐकू आली की रातोरात ते भोक बुजतं.

मग पाणी गुपचूप न्यायचं. एक जाड प्लॅस्टिकचा पाइप घ्यायचा. त्याचं पाणी आत घेणारं तोंड धरणापासून लांब, तळ्यात खोलवर बुडवायचं आणि त्याभोवती जाळीचा मोठा पिंजरा बसवायचा. पिंजरा मोठा असल्यामुळं पाणी संथपणे, आवाज न करता आत शिरतं आणि कुठं ओढ आहे ते बीव्हरला कळत नाही. हा पाइप धरणातून आरपार काढायचा. धरणात तो ज्या उंचीवर बसवाल, साधारण त्याच उंचीला तळ्याचं पाणी राहतं. वर बीव्हर हवी तेवढी डागडुजी करू देत, नेहमीचं पाणी चढत नाही. पण पाणी फारच खाली उतरवलं, तर त्याचं दार उघडं पडतं आणि तो दुसरीकडं नवं धरण घालतो. म्हणजे पाइप बसवणाऱ्याला रस्त्याचीही उंची मोजावी लागते आणि बीव्हरच्या दाराचीही. या माणसांबद्दल मला आदर वाटतो तो इथं.

जानेवारी २००८ मध्ये लाइल यांनी मार्टिनेझला असा पाइप बसवला. बाजार बुडाला नाही. बीव्हर राहिले, त्यांची आणखी पिल्लं झाली. पुढच्या काळात त्या ओढ्यात पाणमांजरं आणि मिंक दिसू लागले आणि शहरात बीव्हरचा उत्सव भरू लागला.

मारून प्रश्न का सुटत नाही, तेही सांगतो. बीव्हरची पिल्लं साधारण दोन वर्षांची झाली की घर सोडतात आणि नवी जागा शोधतात. चांगला ओढा रिकामा झाला की त्यांतलं कुणीतरी तिथं येतं. पण नुसतं मारणं थांबवूनही भागत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९६ मध्ये मतदारांनी सापळ्यांवर कडक बंधनं आणली. नंतर बीव्हर वाढले आणि तक्रारीही वाढल्या. त्याच राज्यात माइक कॅलाहन यांनी पाइप आणि कुंपणं बसवण्याचाच व्यवसाय केला. २०१७ मध्ये त्यांनी बीव्हर इन्स्टिट्यूट स्थापन केली. हे काम करू इच्छिणाऱ्या नव्या लोकांना ती आता तयार करते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. गावाच्या ओढ्यावर हिवाळ्याच्या सुरुवातीला सिमेंटच्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालणाऱ्यांना ते सांगायला नको. पाणी थांबतं, मुरतं, काठ हिरवे राहतात. बीव्हर हे काम वर्षभर करतो. फरच्या व्यापारानं उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी बीव्हर संपवले. युरोपात तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जेमतेम १,२०० उरले होते.

कॅलिफोर्नियाच्या उंच डोंगरांत बीव्हर मुळात नव्हतेच, असं तिथं कित्येक वर्षं मानलं जाई. मग सिएरा नेवाडातल्या रेड क्लोव्हर ओढ्यात गाडलं गेलेलं एक जुनं धरण सापडलं. कार्बन चाचणीत त्यातलं सर्वांत जुनं लाकूड इसवी सन ५८० च्या सुमाराचं निघालं! त्याच प्लुमास परगण्यात टास्मम कोयोम नावाचं माळरान आहे. माउंटन मायडू या आदिवासींना आपली ही जमीन परत मिळाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं सात बीव्हरचं कुटुंब सोडण्यात आलं. राज्यानं असं पुनर्वसन जवळजवळ ७५ वर्षांत केलं नव्हतं.

हे सगळं फुकट होत नाही. झाडं वाचवायची तर बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळावी लागते किंवा वाळू मिसळलेला रंग लावावा लागतो. पिंजऱ्याला अडकलेला पालापाचोळा अधूनमधून काढावा लागतो. सपाट जमिनीवर शेतात पाणी साचलं, तर शेतकऱ्याचं पीक जातं आणि प्रत्येक ठिकाणी पाइप पुरा पडतोच असं नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात १९६६ पासून बीव्हर परत आणले गेले. तिथं प्रशिक्षित स्वयंसेवक तक्रार आलेल्या शेतावर जाऊन पाहणी करतात, सल्ला देतात, आणि नुकसानीसाठी भरपाईचा निधी आहे. कॅलिफोर्नियानंही २०२३ मध्ये धोरण बदललं. बीव्हर मारण्याची परवानगी मागणाऱ्याला आता आधी जाळी, कुंपण, पाइप असे उपाय करून पाहायला सांगितलं जातं. ते उपाय करायला माहितगार हात लागतात, आणि मार्टिनेझमध्ये २००८ साली असा माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाहून बोलवावा लागला होता.

नमस्कार.