अ‍ॅनी ओकली : नेम आणि नाव

[दृश्य : एडिसनच्या स्टुडिओतली जुनी मूक फिल्म]

साल १८९४. थॉमस एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर एक बाई रायफल चालवतेय. ही अ‍ॅनी ओकली, अमेरिकेतल्या बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळातली नेमबाज. १८८७ मध्ये लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियानंही तिचा खेळ पाहिला होता.

[दृश्य : ओहायोची शेतं]

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डार्क काउंटीत १८६० साली जन्मलेली ही मुलगी. वडील लवकर गेले. पोर निराधारांच्या आश्रयगृहात गेली, तिथून एका घरी कामाला. त्या घरानं तिचे असे हाल केले, की जन्मभर ती त्यांना ‘लांडगे’च म्हणाली. त्यांचं खरं नाव कधी सांगितलं नाही. परत आल्यावर तिनं लावे, ससे मारून जवळच्या ग्रीनव्हिल गावातल्या दुकानात विकले आणि आईच्या घरावरचं कर्ज फेडलं.

दुसऱ्यांचं नाव झाकणारी अ‍ॅनी स्वतःच्या नावासाठी मात्र भांडली. १९०३ मध्ये बडे वृत्तपत्रमालक हर्स्ट यांच्या शिकागोतल्या वर्तमानपत्रांनी छापलं : कोकेनपायी चोरी करताना अ‍ॅनी ओकलीला पकडलं! पकडलेली बाई भलतीच होती. पण बातमी देशभर गेली. अ‍ॅनीनं ५५ वर्तमानपत्रांवर खटले भरले. वर्षानुवर्षं शहरोशहरी साक्षी दिल्या. ५४ ठिकाणी तिची सरशी झाली. मिळालेल्या भरपाईपेक्षा कोर्टाचा खर्च जास्त! व्यवहारात बसणारं हे काम नव्हतंच.

१९२६ मध्ये ती गेली. अठराच दिवसांनी नवरा, फ्रँक बटलरही गेला.

मग भांडायला कोण उरलं? १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिच्यावरचं संगीत नाटक ‘अ‍ॅनी गेट युवर गन’ आलं. त्यात फ्रँक मिळावा म्हणून अ‍ॅनी मुद्दाम हरते. गाणी झकास, पण गोष्ट साफ उलटी! फ्रँक स्वतः नावाजलेला नेमबाज. तो हिच्याकडून हरला, हिच्याशी लग्न केलं, पुढे स्वतः मागे राहून हिचे कार्यक्रम सांभाळू लागला. नाटकवाल्यांना हा नवरा पचला नसावा.

[दृश्य : गार्स्ट म्युझियम, ग्रीनव्हिल]

खरी अ‍ॅनी पाहायची तर इथे यावं. तिच्या बंदुका, कपडे, पोस्टरं गावानं सांभाळलीत. जवळच ब्रॉकच्या दफनभूमीत दोघं शेजारी आहेत.

दर जुलैमध्ये गावात तिच्या नावाचा उत्सव भरतो. ‘मिस अ‍ॅनी ओकली’ निवडतात, पण रूप पाहून नाही. छऱ्याची बंदूक घ्यायची आणि फुगे फोडायचे.