एक कोटी स्लिपा

[दृश्य: डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत, मग लोखंडी ड्रॉवरच्या रांगा]

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. पेशवाई बुडाल्यावर तिसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, विश्रामबाग वाड्यात जी पाठशाळा सुरू झाली तिचाच हा पुढचा अवतार. इथल्या एका विभागात १९४८ पासून एकच काम चालू आहे: संस्कृतचा शब्दकोश.

शब्दापुढे अर्थ दिला की काम झालं, असा हा कोश नाही. एखादा शब्द पहिल्यांदा कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, मग शतकाशतकांत तो अर्थ कसा सरकत गेला, हे सगळं पुराव्यासकट इथे मांडायचं असतं. भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी हे शिवधनुष्य उचललं. चाळीसेक पंडितांनी पंचवीस वर्षं नुसतं वाचन केलं. वेद, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, काव्य, धर्मशास्त्र असे सुमारे १,५०० ग्रंथ त्यांनी वाचले आणि शब्द दिसला की स्लिप केली. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातला पत्ता. अशा स्लिपा जमल्या जवळजवळ एक कोटी.

पहिला खंड छापून आला १९७६ मध्ये, अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली. तेव्हापासून पस्तीस खंड निघाले आणि ते सगळे 'अ'चेच आहेत.

हे ऐकलं की लोक हसतात. पण संस्कृतात 'अ' म्हणजे काय प्रकरण आहे ते बघा. नकार दाखवायचा तर 'अ' किंवा 'अन्'. शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग सगळे याच दारातून आत येतात. 'अ' ओलांडणं म्हणजे डोंगराचा मोठा चढ पार करणं.

[दृश्य: टेबलावर स्लिपांचा गठ्ठा, एक हात त्या वेगळ्या करतो आहे]

एकच शब्द घेऊ. अक्ष. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्यात त्याला बजावलं आहे, 'अक्षैर्मा दीव्यः', फाशांनी खेळू नकोस, शेती कर. इथे अक्ष म्हणजे फासा. तो फासा बेहेड्याच्या फळाचा असे, म्हणून अक्ष म्हणजे बेहेडाही. वैद्यकाच्या ग्रंथात गेलात तर अक्ष हे वजनाचं माप. रथाजवळ गेलात तर आस. ज्योतिषात अक्षांशातला अक्ष. तत्त्वज्ञानात इंद्रिय, आणि जपमाळेत मणी.

आता समोर अक्षच्या स्लिपांचा ढीग आहे. कोणती स्लिप कोणत्या अर्थाखाली जाणार हे ठरवायला नुसतं संस्कृत येऊन भागत नाही. चरकाची परिभाषा माहीत हवी, खगोलाचं गणित कळायला हवं, यज्ञातली भांडी कोणती तेही ठाऊक हवं. अशी नजर तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि ती वर्षं कुणीतरी त्या माणसाचा पगार द्यावा लागतो. प्राचीन भाषांच्या अभ्यासाचं भवितव्य म्हणून ज्याची चर्चा होते, ते मला तरी मुख्यतः या पगारात अडकलेलं दिसतं.

[दृश्य: म्युनिक शहर, मग कागदी पेट्यांनी भरलेली खोली]

जर्मनीत म्युनिकला पुण्याचं जुळं भावंड आहे. लॅटिनचा महाकोश. काम सुरू झालं १८९४ मध्ये. तिथेही स्लिपा, तिथेही आकडा साधारण एक कोटी. दोन महायुद्धं, महामंदी, देशाची फाळणी आणि पुन्हा एकत्र येणं, एवढं सगळं झालं तरी काम चालू राहिलं. 'पी' अक्षर २०१० मध्ये पूर्ण झालं. 'एन' अवघड म्हणून मागे ठेवलं होतं, ते आता 'आर'बरोबर हाती घेतलं आहे. शेवटचं पान साधारण २०५० मध्ये निघेल असा अंदाज आहे. वेगवेगळ्या देशांतले तरुण अभ्यासक तिथे शिष्यवृत्तीवर येतात, काही नोंदी लिहितात आणि हात तयार करून परत जातात.

अमेरिकेत मात्र वारं दुसरं आहे. २०२१ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाने आपला क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिनचा, विभाग बरखास्त करायचं ठरवलं. मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या विद्यापीठांमध्ये असा स्वतंत्र विभाग उरला होता तो एवढाच. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये क्लासिक्सच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन यायलाच हवं ही अट गेली. दार उघडलं तर नवी मुलं येतील, असं एक बाजू म्हणते. भाषेशिवाय क्लासिक्स कसलं, असं दुसरी म्हणते. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. शाळेत लॅटिन मिळालं नाही म्हणून मुलाला बाहेर ठेवू नये, हे खरंच. पण आत आल्यावर ते शिकवायला माणूस हवा की नको?

[दृश्य: संगणकाचा पडदा, त्यावर देवनागरी पाठ]

मग हमखास विचारलं जातं, यंत्र करेल ना आता? काही करतं. हैदराबादच्या विद्यापीठात आणि फ्रान्समध्ये संस्कृतच्या संधी फोडणारी साधनं तयार झाली आहेत, आणि त्यांची गरज होतीच. कारण 'न' आणि 'अक्षैः' एकत्र आले की 'नाक्षैः' होतं. साधा शोध लावणाऱ्याला त्यात नाक सापडतं, फासे हरवतात! संधी सुटली तरी हा अक्ष फाशाचा की रथाचा, हा निकाल उरतोच. यंत्राने सुचवलेला अर्थ बरोबर आहे हे सांगायलाही कुणीतरी तो ग्रंथ वाचलेला असावा लागतो.

[दृश्य: नाणेघाट, लेण्यातली ब्राह्मी अक्षरं]

आता आपल्या घरचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतालाही मिळाला. पेढे वाटले गेले ते मराठीसाठी. पण मराठीचा दावा उभा होता कशावर? नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखावर, गाथासप्तशतीवर. म्हणजे प्राकृतावर. मराठीच्या प्राचीनत्वाची कागदपत्रं ज्या भाषेत आहेत ती वाचता येणारी माणसं महाराष्ट्रात आज किती? प्राकृतचा मोठा कोशही पुण्यातच, भांडारकर संस्थेत सुरू झाला आणि त्याचं संपादन हाती घेतलं होतं पुन्हा घाटग्यांनीच. एका माणसाने दोन भाषांचे दोन कोश. कौतुक वाटतं आणि काळजीही वाटते.

कुणाला वाचू दिलं, हाही हिशेब इथे मांडायला हवा. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्याच बाबासाहेबांनी पालीचं व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केलं. त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात ते छापलेलं आहे. त्याआधी गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेले होते आणि पुण्यात येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली.

[दृश्य: पालीचा वर्ग, फळ्यावर विभक्तीचा तक्ता]

त्या परंपरेचं फळ आज दिसतं. संस्कृतच्या पदव्युत्तर वर्गांत मुलं मिळवताना विभागप्रमुखांची दमछाक होते. पालीच्या प्रमाणपत्राच्या वर्गाला मात्र दिवसभराची नोकरी आटोपून लोक येतात. निवृत्त झालेले येतात. त्यांना गुण किंवा पगारवाढ नको असते. बुद्धाचं वचन मधल्या कुणाला न विचारता स्वतः वाचायचं असतं. उपयोग काय, हा प्रश्न त्या वर्गात कुणी काढत नाही. क्लासिक्स टिकवायचं कसं यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी त्या वर्गात मागच्या बाकावर एकदा बसून यावं.

फक्त त्या वर्गापासून संपादकाच्या टेबलापर्यंत रस्ता फार तुटक आहे. प्रमाणपत्र होतं, पदविका होते, एखादी हुशार मुलगी एम.ए.ही करते. त्यानंतर पोथ्या वाचत, स्लिपा लावत पंधरा वर्षं काढायची तिची तयारी असली, तर तिने अर्ज कुठे करायचा? अभिजात दर्जाच्या पुढच्या समारंभात मंचावरच्या मंडळींना हे कुणीतरी विचारावं, आणि उत्तर पदांच्या संख्येतच मागावं.