डाग एक, बिलं चार

(दृश्य: नाकाच्या बाजूला छोटीशी खपली, अगदी जवळून)

एवढंसंच आहे बघा. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, परत धरते. माणूस मलम लावतो आणि विसरून जातो, कारण दुखतच नाही ना. स्किन कॅन्सरची हीच तर गंमत आहे, सुरुवातीला तो कोणाला काही त्रासच देत नाही.

मग कधीतरी घरातलं कोणीतरी मागे लागतं, दाखव एकदा. दाखवायचं कुठे? कॅन्सर म्हटलं की डोळ्यासमोर थेट मोठं हॉस्पिटल येतं आणि तिथेच अर्धी माणसं गळपटतात. पण यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा, तो बहुतेक वेळा जवळच्या त्वचारोग क्लिनिकमध्येच, तेवढीच जागा बधीर करून काढता येतो, आणि पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो.

आता क्लिनिक कुठलं, तर बोर्डावर लेझर आणि ग्लो किती मोठ्या अक्षरात लिहिलंय ते बघू नका. फोन करून सरळ विचारा, डर्मोस्कोप, म्हणजे डाग मोठा करून बघायचं भिंग, आहे का, बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं, तुम्हीच करता का, आणि तो तुकडा तपासायला कुठल्या लॅबला पाठवता. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर दुसरा नंबर लावा.

आणि एक गोष्ट, संशय वाटणारा तीळ कोणी म्हणालं लेझरने जाळून टाकू, स्वस्तात होईल, तर तिथून उठायचं. का? कारण मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा जास्त घातक कॅन्सर, असेल तर पुढचा बराचसा हिशोब तो किती मिलिमीटर खोल गेलाय यावर ठरतो. ही खोली मोजायची पद्धत ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने 1970 मध्ये मांडली, आजही रिपोर्टमध्ये तोच आकडा आधी बघतात. जाळून टाकलं की मोजायला काही उरतच नाही.

(दृश्य: तळपाय, मग अंगठ्याचं नख)

सावळ्या त्वचेला हा आजार होत नाही असं बरेच जण धरून चालतात. पण मेलॅनोमा तळव्यावर, तळहातावर, नखाखालीही होतो. गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, 1977 मध्ये निदान झालं आणि 1981 मध्ये तो गेला, वय फक्त 36. जुन्या भाजल्याच्या व्रणात वर्षानुवर्षं न भरणारी जखम असेल तर तीही दाखवा, तिथे दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो.

आता पैशाचं. लोक विचारतात, काढायला किती घेणार? हा प्रश्नच अर्धवट आहे. तपासणीची फी वेगळी, बायोप्सीची वेगळी, लॅबचं बिल बऱ्याचदा लॅबकडूनच येतं, आणि मग सर्जरी. वर रिपोर्टमध्ये कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर परत कापायचं. त्यामुळे एस्टिमेट लेखी मागा आणि त्यात हे सगळं लिहून घ्या, दुसऱ्यांदा कापावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे का हेसुद्धा. विचारायला लाजू नका, रिसेप्शनवरच्या माणसाला याची सवय असते.

मोह्‌स सर्जरी हा शब्द कानावर येईल. फ्रेडरिक मोह्‌स यांनी 1930 च्या दशकात ही पद्धत काढली, एक थर कापायचा, तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली बघायचा, पेशी उरल्या असतील तर तेवढ्याच भागातून अजून एक थर. नाक, पापणी, कान अशा जागी, जिथे जास्तीचा मिलिमीटरसुद्धा परवडत नाही, तिथे याला तोड नाही. पण थर किती लागतील ते आधी कोणीच सांगू शकत नाही, म्हणजे बिल किती होईल तेही नाही, म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे विचारा, आणि जखम बंद करायचे पैसे त्यात धरलेत का तेही. पाठीवरचा छोटा बेसल सेल असेल तर साधारण 4 मिलिमीटर कडा ठेवून साधी सर्जरी बहुतेक वेळा पुरते, तिथे मोह्‌सचा आग्रह होत असेल तर कारण विचारायला हरकत नाही. अगदी वरवरच्या बेसल सेलला काही आठवडे लावायची क्रीमसुद्धा असते, फक्त त्या काळात कातडी लालभडक होते, घाबरून मधेच बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

इन्शुरन्स असेल तर गोम एकाच शब्दात असते, कॉस्मेटिक. तीळ काढला एवढंच कागदावर असलं की क्लेम लटकायची भीती. म्हणून डॉक्टरांच्या नोटमध्ये रक्त येतं, वाढतोय, रंग बदलला, कॅन्सरचा संशय हे स्पष्ट यायला हवं, अर्थात खरं असेल तेवढंच. ॲडमिट न होता केलेली प्रोसिजर पॉलिसीत बसते का ते आधी विचारा आणि मंजुरी लेखी घ्या. नकार आला तर बायोप्सी रिपोर्ट जोडून अपील करा, पहिल्या नकारालाच फाइल बंद करणारे फार आहेत.

इन्शुरन्सच नसेल तर ते पहिल्याच भेटीत सांगून टाका. रोख रेट, हप्ते, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तिथला सोशल वर्कर, हे रस्ते असतात पण विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. आणि कॅन्सर पसरलेला असेल, इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचं, बोलणं निघालं असेल, तर ते काम छोट्या क्लिनिकचं नाही, ती औषधं महाग आहेत, तिथे कंपन्यांच्या मदत योजना आणि क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचारांच्या चाचण्या, यांची चौकशी पहिल्या दिवसापासून करा.

पैसे जमेपर्यंत थांबलं तर चालेल का? बेसल सेल सहसा हळू वाढतो, दोन ठिकाणी रेट विचारायला वेळ मिळतो. मेलॅनोमात तो मिळत नाही.

(दृश्य: काचेच्या स्लाइड, मेणाचा छोटा ठोकळा)

आणि निघताना रिपोर्टची कॉपी मागून घ्या. तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे असतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर त्या मागवता येतात, बहुतेक वेळा परत बायोप्सीचा खर्च करावा लागत नाही.