करंगळीचं गाणं

[पडदा काळा. नुसता पियानो. चीज थांबते. दोन क्षण शांतता.]

संपली. हो, एवढीच आहे. २३ बार, म्हणजे ठेक्याची २३ घरं, जेमतेम दीड मिनिट. शेवट झाला असं वाटलं नसेल, तर कान तुमचे ठीक आहेत. शेवटी सुरुवातीचेच सूर पुन्हा डोकावतात आणि तिथेच विरतात. निघालेला पाहुणा चप्पल घालता घालता पुन्हा बोलायला वळावा, तसे.

ही 'आरिएत्ता', म्हणजे छोटंसं गाणं. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग, त्याच्या 'लिरिक पीसेस' या पियानोच्या छोट्या चिजांच्या वह्यांपैकी पहिल्या वहीतली पहिली रचना. साल १८६७. त्याच वर्षी त्याचं नीना हागेरूप या गायिकेशी लग्न झालं. गाणं घरातच होतं म्हणायचं.

[वाजवणाऱ्या हातांवर कॅमेरा.]

कागदावर ही चीज सोपी दिसते. वर चाल, खाली खर्जाचे सूर आणि मधली झुळझुळ दोन्ही हातांनी वाटून घ्यायची. गोची आहे ती इथे. उजव्या हातात वरच्या बाजूची बोटं, बहुतेक करंगळीच, गाणार. आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी मात्र नुसतं कुजबुजायचं. करंगळी म्हणजे हातातलं सगळ्यात दुबळं बोट! दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलाला सूर आठवड्याभरात बसतात. आतल्या बोटांना गप्प करायला महिने लागतात. भरभर वाजवणं त्यापेक्षा सोपं, असं मला तरी वाटतं.

[बर्गनजवळचं ट्रोल्डहाउगेन, ग्रीगचं घर. तळ्याकाठची लाकडी खोली.]

ग्रीग म्हटलं की लोकांना पियानो आणि वाद्यवृंदाचा मोठा कन्चेर्तो आठवतो, नाहीतर 'पेर ग्युंट' नाटकाचं संगीत. पण या छोट्या चिजांकडे तो आयुष्यभर परतत राहिला. दुसरी वही यायला १६ वर्षं लागली, मग मात्र रांग लागली. एकूण १० वह्या, ६६ रचना.

ही त्याची लिहिण्याची खोली. माणूस ठेंगणा, बसताना उंची मिळावी म्हणून खाली बीथोव्हनच्या स्वरलिपीचे जाडजूड खंड ठेवून त्यावर बसायचा. निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवायचा : कुणी घर फोडून आत आलंच, तर स्वरलिपीचे कागद तेवढे सोडा, माझ्याखेरीज कुणाला त्यांचा उपयोग नाही.

[पुन्हा पियानो, वॉल्ट्झच्या ठेक्यात.]

१९०१. दहावी वही, शेवटची रचना. नाव 'एफ्तरक्लांग', मागे रेंगाळणारा नाद. ओळखलंत? तीच चाल. ३४ वर्षांपूर्वी दोनाच्या मोजणीत होती, आता तिनाच्या. मधली झुळझुळ गेली, तिथे वॉल्ट्झ, म्हणजे तिनाच्या मोजणीचा नाच, आला, आणि चाल ओळखीच्या पावलांनी निघून एकदम परक्याच पट्टीत जाते. ग्रीग अठ्ठावन्न वर्षांचा होता.

आता बोलत नाही. ऐका.

[वॉल्ट्झ शेवटपर्यंत. खिडकीबाहेर तळं.]