कढीपत्त्यासारखा मिळालेला लोगो

[दृश्य : तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं दुकान. काउंटरवर लग्नपत्रिकांचे नमुने, आत संगणकावर कोरल ड्रॉ उघडलेलं.]

आपल्याकडे भाजीबरोबर कढीपत्ता फुकट मिळतो, तसा कार्डांबरोबर लोगो मिळतो. पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली की दुकानातला मुलगा विचारतो, "लोगो आहे का, की टाकू एखादा?" टाक म्हटलं की तो इंटरनेटवरून एखादं पान, उगवता सूर्य नाहीतर हात वर करून उडी मारणारा माणूस उचलतो, खाली नाव लिहितो, नावाला सावली देतो. चहा येईपर्यंत काम झालेलं असतं.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने पैसे कार्डांचेच घेतलेत. फक्त तोच उडी मारणारा माणूस पुढच्या चौकात क्लासच्या पाटीवर, दवाखान्याच्या बोर्डावर आणि पतसंस्थेच्या कॅलेंडरवरही उड्या मारत असतो.

मग धंदा वाढतो. घरून मसाले विकणाऱ्या एखाद्या ताईंची पाकिटं दोन तालुक्यांतल्या दुकानांत जायला लागतात. पाऊच छापणारा सांगतो, "ओपन फाईल पाठवा." ती, म्हणजे लोगोची मूळ, बदल करता येणारी फाईल, नसतेच. असतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा जणांकडून फिरून आलेला, कडा फुटलेला एक जेपीजी. लोगो म्हणजे कुणाला तरी पैसे देऊन करून घ्यायचं काम आहे, हे बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात येतं. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, की किती पैसे?

[दृश्य : जुना बूट, त्यावर पातळ कागद, कागदावर पेन्सिलीची रेघ.]

१९७१ साल. अमेरिकेतलं पोर्टलंड शहर. फिल नाइट हा गृहस्थ जपानी बूट आणून विकायचा. शिवाय काही काळ त्याने तिथल्या विद्यापीठात अकाउंटिंगही शिकवलं होतं. कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीला तैलचित्राचा वर्ग परवडत नाही, हे बोलणं तिथेच त्याच्या कानावर पडलं, आणि त्याने तिला तासाला २ डॉलरवर तक्ते-आलेख काढायचं काम दिलं. पुढे स्वतःच्या ब्रँडचे बूट काढायचं ठरल्यावर बुटाच्या कडेला लावायचा पट्टाही तिलाच काढायला सांगितला. मागणी अशी होती : त्यात गती दिसली पाहिजे, आणि ते आदिदासच्या तीन पट्ट्यांसारखं दिसता कामा नये.

या मागणीत रंग नाही, आकार नाही, "मला असं काहीतरी हवं" म्हणून दाखवलेला दुसऱ्याचा फोटो नाही. काय साधायचं आणि कुणासारखं दिसायचं नाही, एवढंच आहे. डिझायनरला याहून जास्त सांगितलं की बहुतेक वेळा काम बिघडायला सुरुवात होते.

डेव्हिडसनने बुटाच्या चित्रावर पातळ कागद ठेवून काही आकार काढून दाखवले. नाइटला त्यातला एकही फारसा भावला नाही. पण माल तयार करायची घाई होती. त्यातल्या त्यात एक उचलून तो म्हणाला ते साधारण असं, की प्रेमात पडलो असं नाही, पण हळूहळू आवडेल कदाचित. बिल झालं ३५ डॉलर. नायकीच्या बुटांवर आज दिसते ती हीच रेघ. १९८३ साली कंपनीने डेव्हिडसनला बोलावून त्याच आकाराची, हिरा जडवलेली सोन्याची अंगठी दिली, आणि कंपनीचे शेअर्स दिले.

हा किस्सा ऐकवून डिझायनरशी घासाघीस करणारे लोक भेटतात. त्यांना दुसराही किस्सा ऐकवायला हवा.

[दृश्य : काळ्या तिरक्या घनावर चार रंगांतली चार अक्षरं.]

१९८६. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्जने आदल्याच वर्षी नवी संगणक कंपनी काढलेली असते, नेक्स्ट. लोगोसाठी त्याला पॉल रँडच हवा असतो. आयबीएम या दुसऱ्या संगणक कंपनीचं चिन्ह केलेला हा माणूस तेव्हाही आयबीएमचा सल्लागार होता, त्यामुळे जॉब्जला आधी आयबीएमची परवानगी काढावी लागली. ही गोष्ट लहान धंद्यालाही लागू आहे. आपला डिझायनर समोरच्या मसालेवाल्याचंही काम करतोय का, हे आधीच विचारलेलं बरं.

जॉब्जने रँडकडे दोन-चार पर्याय मागितले. रँडने साफ नकार दिला. त्याचं म्हणणं असं होतं : मी तुमचा प्रश्न सोडवीन आणि तुम्ही मला पैसे द्याल. माझं उत्तर वापरायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पर्यायच हवे असतील तर दुसऱ्यांकडे जा. मग त्याने एकच चिन्ह दिलं, आणि त्याबरोबर एक पुस्तिका : नाव साध्या अक्षरांत कसं दिसतं, त्यातलं एक अक्षर लहान का केलं, घन २८ अंशांत का कलता ठेवला. बिल १ लाख डॉलर.

१९९३ मध्ये नेक्स्टने संगणक बनवणं थांबवलं. १९९६ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि लाख डॉलरचं ते चिन्ह पडद्याआड गेलं. पस्तीस डॉलरची रेघ अजून जगभर धावते आहे.

म्हणजे स्वस्तातलं चांगलं, असा अर्थ काढायचा का? रेघ मोठी झाली ती बुटांमुळे. घन मावळला तो संगणक खपले नाहीत म्हणून. धंद्याचं नशीब लोगोच्या बिलावर लिहिलेलं नसतं. त्या बिलात आपण कुणाचा तरी विचार करायचा वेळ विकत घेत असतो, आणि तो वेळ कसा वापरला जाईल हे बरंचसं आपल्याच हातात असतं.

[दृश्य : मोबाईल. कुटुंबाच्या ग्रुपवर लोगोचे सहा नमुने, खाली अंगठ्यांचा पाऊस.]

आपण तो वेळ वाया कसा घालवतो, हे इथे दिसतंय. "दहा-बारा डिझाइन दाखवा, त्यातून निवडू." साडीच्या दुकानात हे चालतं, कारण साड्या आधी विणून झालेल्या असतात. इथे बारा मागितले की एकेका नमुन्याला बाराव्या हिश्श्याचाच विचार मिळतो. मग नमुने घरच्या ग्रुपवर जातात. मेहुण्याला लाल आवडतो. मावशी म्हणते गणपती हवा होता. भाच्याने यूट्यूबवर पाहिलंय की आता सगळे लोगो साधे करतात. शेवटी तीन नमुन्यांचे तीन तुकडे जोडून जे तयार होतं, त्यावर कुणाचाच आक्षेप नसतो, आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दोन-तीन दिशा मागाव्यात. किती वेळा दुरुस्ती होईल, हे आधी ठरवावं. होकार-नकार एकाच माणसाने द्यावा. पैशांची आपल्याकडची सर्वसाधारण रीत, अर्धे आधी आणि अर्धे फाईल मिळताना, दोघांच्याही सोयीची आहे.

स्पर्धा लावणं हा आणखी एक मार्ग. आपल्या रुपयाचं चिन्ह तसंच आलं. २००९ मध्ये केंद्र सरकारने स्पर्धा जाहीर केली, बक्षीस अडीच लाख रुपये, प्रवेशिका तीन हजारांहून जास्त. १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांची निवड जाहीर झाली. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात त्यांनी पीएच.डी. केलेली. देवनागरी र आणि रोमन आर एकाच आकारात, वर शिरोरेघ. देशाच्या चलनासाठी हजारो लोक हौसेने फुकट राबतात. पण मसाल्याच्या ब्रँडसाठी पन्नास मुलांनी रात्री जागवायच्या आणि एकालाच पैसे मिळायचे, हे मला तरी पटत नाही. आणि मसाला न चाखता, दुकान न पाहता पाठवलेल्या पन्नास चित्रांत आपला प्रश्न समजून घेतलेलं चित्र सापडेल कसं?

[दृश्य : स्टेट बँकेची खेड्यातली शाखा. गोल निळं चिन्ह, पासबुक, शिक्का.]

नायकीची रेघ आली त्याच १९७१ मधलं हे चिन्ह. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं. एक निळं वर्तुळ, मध्ये छोटा गोल, खाली जाणारी फट. ते तिथल्या कांकरिया तलावावरून सुचलं, ही दंतकथा अजून फिरते. कुणी त्याला कुलपाचं भोक म्हणतं, कुणी मोठ्या बँकेतला लहान माणूस. लोकांना गोष्टी सांगू द्याव्यात. आपण एवढंच बघायचं की हे चिन्ह इमारतीच्या माथ्यावर ओळखू येतं आणि पासबुकावरच्या शिक्क्यातही.

कुठलाही लोगो मंजूर करण्याआधी मी तरी शिक्क्याची परीक्षा घ्यायला सांगेन. एक रंग, अंगठ्याएवढा आकार. संगणकाच्या पडद्यावर सोनेरी छटा, चमक, सावली सगळं सुरेख दिसतं. मालाबरोबर द्यायच्या चलनावर शिक्का मारला की त्याचा शाईचा डाग होतो.

देवनागरीत ही परीक्षा जास्तच कडक होते. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली शिरोरेघेला लोंबकळतात. वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. नावात 'पूर्णा' असेल तर प च्या पोटाखाली दीर्घ ऊकार येतो आणि णा च्या डोक्यावर रफार, म्हणजे एकाच शब्दाला तीन मजले. अक्षर छोटं झालं की आधी वरचा आणि खालचा मजला कोसळतो. इंग्रजीत रचना करून मराठी नाव नंतर खाली चिकटवणाऱ्या डिझायनरला हे कळत नाही, आणि मराठी दुकानदारालाही ते छापून आल्यावरच कळतं. खरं तर आपल्याकडे हे कौशल्य काही नवीन नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी अशी रेखाटली, की नावाच्या वळणावरूनच नाटकाचा पोत कळायचा. वेगळं चित्र लागायचंच नाही. तेव्हा डिझायनर निवडताना त्याने केलेली मराठी अक्षरं मागून बघा. रंगीत सादरीकरण मागाहून.

[दृश्य : अर्ध्या पानाचा करार. पेनाचं टोपण उघडतं.]

आता कंटाळवाणा भाग, पण नंतर भांडणं होतात ती इथेच.

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं सगळे धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा पहिला हक्क साधारणपणे त्या डिझायनरचाच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर लेखी हवं आणि त्यावर त्याची सही हवी. तेवढ्यावरही भागत नाही. कलम १९ सांगतं, की लेखात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरायचं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. उद्या दुबईच्या दुकानात मसाला पाठवायचा झाला, तर हे एक वाक्य आड येऊ शकतं. म्हणून कायमचा आणि जगभरासाठी, असं स्पष्ट लिहून घ्यावं.

त्याच कागदावर फाईलींची यादीही यावी. कितीही मोठी केली तरी न फुटणारी वेक्टर फाईल, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडू नयेत म्हणून चित्रासारखी केलेली) एक प्रत आणि न केलेली एक, रंगांचे आकडे, आणि कुठला फॉन्ट वापरलाय, त्याचा परवाना कुणाचा आहे.

ट्रेडमार्क, म्हणजे नाव आणि चिन्ह आपलं म्हणून सरकारदरबारी नोंदवणं, ही आणखी वेगळी गोष्ट. कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला ३० व्या वर्गात बसतो, लोणचं २९ व्या. दोन्ही विकायचे तर दोन वर्गांची फी, आणि एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होण्याआधी नावापुढे टीएम लिहायला हरकत नाही. गोलातला आर मात्र नोंदणीनंतरच. आधी लावला तर कायद्याने दंड होऊ शकतो. डिझायनरला काम देण्यापूर्वीच ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहिलं, तर पुढचा बराच खर्च वाचतो.

[दृश्य : किराणा दुकान. लाकडी काउंटर, मसाल्याचा खोका, चलनाचं पुस्तक.]

अर्धे राहिलेले पैसे दिले, सही झाली, फाईली आल्या. पाऊच छपाईला गेलेत, ते यायला वेळ आहे. तोवर शिक्का बनून आलाय.

ताई चलनावर तो दाबतात. शाई जरा जास्तच झालीये, पण रफार वाचता येतोय.

दुकानदार चलन उजेडात धरून बघतो. "नवीन माल आहे का हा?"

"माल तोच आहे," ताई म्हणतात आणि खोका पुढे सरकवतात.